पाणसळीने सरळ केलेल्या आठ खिडक्या

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार (बसमध्ये पालथं पडायला जागा आहे, उठायला नाही, म्हणून मनातल्या मनात). इकडे दोघांच्या तब्येती ठणठणीत. तुमचं 'बरा आहे' एवढंच लिहिलेलं पत्र पोचलं. वहिनी होत्या तेव्हा पत्र चार पानी यायचं (त्या सांगायच्या, तुम्ही लिहायचात), त्यामुळे या दोन शब्दांवर आमचा काही विश्वास बसला नाही.

तर बस. बावीस वर्षं चालवलेली बस भंगारात जाऊ न देता मी दारात आणली आणि तिचंच फिरतं घर करायला घेतलं, हे तुम्हाला माहीतच आहे. ओटा झाला, पलंग झाला, राहिल्या खिडक्या. आतून पत्र्याच्या कडा उघड्या होत्या, आणि हिने बजावलं, "खिडक्यांना लाकडी पट्ट्या लागेपर्यंत मी त्या डब्यात पाऊल ठेवायची नाही." आता हिला सोडून एकट्यानेच फिरायचं तर मग नोकरी काय वाईट होती? म्हणून तुम्ही तुमच्या सुतारकामाच्या पेटीतून दिलेली पाणसळ बाहेर काढली. तुमचं वाक्य तोंडपाठ आहे: बुडबुडा मधोमध आल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही.

पहिल्याच खिडकीला लावली, तर बुडबुडा पळाला कोपऱ्यात. दुसरीलाही तेच. आठच्या आठ खिडक्या वाकड्या! बस बांधणाऱ्यांना मी मनसोक्त शिव्या घातल्या (बावीस वर्षांत एकाही प्रवाशाने तक्रार करू नये?) आणि त्यांची चूक निस्तरायला बसलो. एका टोकाला पाचर मार, दुसऱ्या टोकाला रंधा मार, असं करत बारा दिवसांत सगळ्या चौकटी बुडबुड्याच्या हुकमाने ठोकल्या. हिने दारातून पाहिलं, आत आली, पट्टीवरून बोट फिरवलं आणि चहासुद्धा आतच केला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग मेकॅनिक आला आणि ब्रेक तपासायला त्याने बस सपाट रस्त्यावर घेतली. अहो, सगळ्या चौकटी एकजात पुढच्या टोकाला वर उचललेल्या! खिडक्या सरळच होत्या, दादा. उतारावर उभी होती ती बस. जन्मभर चढउतार पायाने ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारातला उतार कळला नाही. मेकॅनिक म्हणाला, "काका, घर जागचं हलत नाही, म्हणून त्याला पाणसळ. बसमध्ये खिडकीचीच कड धरायची असते." ही हसून हसून पायरीवरच बसली.

बाकी सगळं ठीक. प्रकृतीला जपा.

तुमचा धाकटा
(ड्रायव्हर, सुतार नव्हे, हे आता सिद्ध झालं)

ता. क. पाणसळीत काही दोष नाही. परत आणून देतो.

आणखी एक ता. क. ही म्हणते, बस पुन्हा तशाच उतारावर लावली की चौकटी सरळ दिसतील. असा उतार तिला एकच आठवतो, तुमच्या कारखान्यामागचं अंगण. (आमच्या दारातही आहे, पण तो तिला आता आठवत नाही.) दोन वेळचं जेवण ती करील, नको म्हणायचं असेल तर तिलाच म्हणा, माझी हिंमत नाही. पट्ट्या काढून पुन्हा ठोकायला दोन दिवस पुरतात, हे मला ठाऊक आहे, तिलाही आहे, आणि तुम्ही तर सुतारच. तेवढं कळवू नका. उत्तर या वेळीही दोन शब्दांचं चालेल: 'या दोघं.'