ताटाखालची जुनी नोट

प्रिय आन्सेल्मो,

तू घरी आसूलला नीट पोचलास, हे इर्माकडून कळलं. नेहमी फोन तू करतोस. या वेळी बायकोने केला. रविवारपासून मी त्याचाच अर्थ लावते आहे.

दर महिन्याच्या एकोणतीसचा आपला रिवाज म्हणून बटाट्याच्या न्योकी, त्या उकडलेल्या गोळ्या, केल्या होत्या. गिळगिळीत झाल्या, तरी तू नावं ठेवली नाहीस. रिवाजातली बरकतीची नोटही प्रत्येकाच्या ताटाखाली मीच ठेवली. मग निवडणुकीचा विषय निघाला आणि तू नि माझा फाबियान एक झालात. "ती मध्यवर्ती बँक बंदच करा," तू म्हणालास, "नोटा छापण्यापलीकडे करते काय? जाळा तिला." फाबियान म्हणाला, "हळू मामा, आईने जन्म काढलाय तिथे. पहिली आईच पेटेल." मी पेटलेच. देशाला स्वतःची बँक नको, मग काय परक्यांच्या डॉलरवर जगायचं? "अगं एल्विरा, जगतोयच की! तुझ्या गादीत काय पेसो भरलेत?" सगळे हसले. मीही हसले.

मग तू ताट उचललंस. बाकीच्यांना पेसो, तुला लाडाने शंभर डॉलर. छापलेला चेहरा लहान असलेली, जुन्या छपाईची नोट. डॉलर बदलून देणारे रस्त्यावरचे दलाल तिला कमी भाव देतात, म्हणून घरातच पडून होती. तू ती खिडकीकडे धरलीस. "बरीच जुनी दिसते." मी खोटंच म्हणाले, फाबियानने आणली. त्याचा घास तोंडातच थांबला. तू ते पाहिलंस का? नोट घडी करून माझ्या पेल्याखाली सरकवलीस आणि बस चुकेल म्हणून उठलास. बसला दोन तास होते.

दोन हजार एकच्या डिसेंबरात बँकांनी लोकांचे पैसे अडवले, तेव्हा आपण दोघं बँकेच्या बंद शटरसमोर निषेधाची पातेली बडवत होतो. मी तुझ्याहून जोरात. आईच्या पातेल्याला पोचा पडला. "तुझेही अडकले ना गं," म्हणून तू मला जवळ घेतलंस. स्वतःच्या लेथ मशीनसाठी साठवलेल्या तुझ्या डॉलरचे पुढे बँकेने पडत्या भावाचे पेसो करून दिले. लेथ आला नाही. तू दुसऱ्याच्या कारखान्यात म्हातारा झालास.

पैसे अडवण्याच्या तीन दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, आमचे साहेब रिकामी बॅग घेऊन बाहेर गेले आणि भरलेली घेऊन आले. कोणी काही विचारलं नाही. मी कोट चढवला, माझ्या खात्यातलं सगळं काढून आणलं. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "तू आतली आहेस. खरं सांग, काढू का?" पैशांची पिशवी माझ्या मांडीवर होती; रविवारची ती नोट तिच्यातलीच. मी म्हणाले, "वेडा आहेस का? राहू दे." तू चौघांना सांगशील, माझं नाव निघेल, नोकरी जाईल. एवढंच कारण होतं.

फोनवर मी तुला एकदा फसवलं, म्हणून हे कागदावर. बँक ठेवावी की मोडावी, मला सांगता येत नाही. पण इतकी वर्षं तू तिला ज्या शिव्या घालतोस, त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत. येत्या एकोणतीसला ये आणि माझ्या मला दे. नोट अजून पेल्याखालीच आहे.

तुझीच,
एल्विरा