वायरी सगळ्या बरोबर आहेत

सूनबाई,

टीव्ही लावण्याआधी रिमोटवर आवाज कमी कर. तो शेवटपर्यंत वाढवलेला आहे.

तुम्ही दोघं कामावर गेल्यावर मी तुमचं नवं होम थिएटर जोडलं. टीव्हीची वायर ॲम्प्लिफायरला, तिथून पाचही स्पीकरना, लाल खुणेला लाल, काळ्याला काळी. चित्र झकास आलं, पण आवाज मात्र शेजारच्या घरात कुणी कुजबुजतंय असा. सगळ्या वायरी उपटून पुन्हा जोडल्या, आवाज वाढवत नेला, तरी तेच. शेवटी मोठ्या स्पीकरला कान लावून बसलो, तोच वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई धावत आल्या. मला त्यांचे नुसते ओठ हलताना दिसले. मग त्यांनी टीव्हीचा प्लगच उपटला आणि माझ्या कानाशी ओरडल्या, "आजोबा, माझ्या फडताळातली भांडी नाचतायत!"

म्हणजे वायरी बरोबर जोडल्या होत्या. चिरंजीवांना हे आवर्जून सांग.

मी कानाच्या डॉक्टरांकडे जातोय. तुझ्या सासूबाई सोबत येतायत. त्या म्हणतात, कान तपासून घ्या म्हणून त्या वर्षभर माझ्या मागे लागल्या होत्या. मला तर एकदाही ऐकू आलं नाही.

— बाबा