सहीची चावी विनिताकडे

मी, चांगदेव हिरामण म्हात्रे, वय ६९, राहणार नागाव, तालुका अलिबाग, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास पत्नीला विचारू नये.

१. राहते घर, माडांची वाडी व बँकेतील ठेव पत्नी कोकिळा हिला. तिच्यामागे मुलगा केतन याला. कुंपणावर झुकलेल्या माडाचे नारळ शेजारच्या वेणूबाईंनी न विचारता न्यावेत. वीस वर्षे त्या तसेच नेत आहेत, आता निदान कायदेशीर होईल.

२. आता खरी इस्टेट. समुद्राच्या लाटांचा अंदाज काढणारे एक मोठे सॉफ्टवेअर मी तीस वर्षे सांभाळले. शास्त्रज्ञांनी त्यात बदल केला की आमची यंत्रे शेकडो भाग आपोआप जुळवतात, तपासतात, पॅकेज बांधतात आणि देशोदेशीच्या संशोधकांना पाठवतात. माणसाचा हात लागत नाही, असे मी भाषणांत सांगत असे. ते खोटे होते. पॅकेज अस्सल असल्याची डिजिटल सही लागते, आणि त्या सहीची चावी, म्हणजे ती करायचा गुप्त संकेत, मी माझ्या एकट्याकडे ठेवली होती. कारण सुरक्षेचे सांगितले. खरे कारण मिजास.

मे महिन्यात माझी बायपास झाली. एकोणीस दिवस पॅकेजे सहीवाचून पडून राहिली. त्यांतल्या एकात उंच लाटांच्या गणितातली चूक सुधारलेली होती. वादळ तोंडावर असताना लोक चुकीच्याच आकड्यांवर काम करत राहिले. वादळ वळले, हे नशीब. माझी सहकारी विनिता इस्पितळात येऊन म्हणाली, "सर, सगळं आपोआप चालतं. अडतं ते फक्त तुमच्यापाशी." दोन महिने मी तिच्याशी बोललो नाही. तिचे खरे होते, आणि मला लाज वाटते.

सबब ती चावी व माझी सूचनांची वही विनिताला. तिनेही दुसरा वारस आजच नेमावा. चावी एकट्याकडे कधीच नको.

३. कलम २ साठी माझ्या मरणाची वाट पाहिली नाही. आज सकाळी विनिताने आमच्या ओटीवर बसून, कोऱ्या यंत्रावर, नुसती वही वाचून सगळे उभे केले. मी बोलायचे नाही, अशी अट होती. चौदाव्या पानावर ती अडली. तिथली एक पायरी मी लिहायलाच विसरलो होतो. मी तोंडावर हात दाबून बसलो. तिने ती स्वतः शोधली आणि वहीत लिहिली. दुपारी पॅकेज तिच्या सहीने गेले.

कोकिळा म्हणाली, "चला जेवायला. आता तुमच्यावाचून काय अडत न्हाय."

तीस वर्षांत इतके बरे वाटले नव्हते.

सही: चांगदेव हिरामण म्हात्रे
आमच्या डोळ्यांदेखत सही झाली: १. अल्पेश घरत २. सोनल ठाकूर
नागाव, ८ नोव्हेंबर २०२५