मलिद्याचा नवस

घाटकोपर, मंगळवार, १० नोव्हेंबर १९५३

सकाळी वाण्याकडून पोहे आणि नारळ आणले. इस्राएलला जायची परवानगी आली तर प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करीन, हा नवस मीच बोललो होतो. परवानगी येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज-उद्या करतोय. देवाशी चालढकल! शोभतं का मला?

वाणीसुद्धा विचारतो, "काय मिस्त्री, चाललात ना आपल्या मुलखात?" वैताग आलाय या प्रश्नाचा. धाकटा शालोम तिकडून दर पत्रात लिहितो, "दादा, दोन हजार वर्षांनी घरी जायला मिळतंय, अजून कसला विचार करतोस?"

कसला म्हणजे? आईचा. ती म्हणते, "माझं घर रेवदंड्याला. तुझा बाप तिथल्या मातीत आहे. तुम्ही जा रे, मला भाचीकडे सोडा." जा रे म्हणते, आणि आठवडाभर धड जेवत नाही.

संध्याकाळी मलिदा केला. पोह्यांत गूळखोबरं आईनेच कालवलं. प्रार्थना म्हणताना मनात आलं, मी देवाकडे परवानगी मागितली होती, जाण्याचा शब्द दिला नव्हता. ही पळवाट तर नव्हे?

नंतर रिबका म्हणाली, "अहो, आता तरी ट्रंका भरू ना?"

नको म्हटलं. ती ताडकन उठून आत गेली. तिचे दोन्ही भाऊ तिकडे आहेत, तिचंही काय चुकलं? पण "जा रे" म्हणणाऱ्या आईला सोडून कसा जाऊ?

शालोमला चार ओळी लिहिल्या. आई आहे तोवर आम्ही येत नाही. पत्र पेटीत टाकून आलो.