तुरटीसारखं दिसणारं

सर, जुलैत आंदर मावळात आत्याकडे गेले होते. त्या दिवसांत तिथलं पाणी गढूळ असतं, म्हणून घरोघरी हंड्यात तुरटी फिरवतात. आतेभावाला फाट्यावर एक पोतं सापडलं होतं, टेम्पोतून पडलेलं. वर काही छापलेलं नाही, आत पांढरे खडे. आत्याने ते आधी हाताने चाचपले, मग निसटतात म्हणून एक चिमट्याने उचलला आणि हंड्याकडे निघाली. म्हणाली, "तुरटीच हाय गं. वरीसभर पुरंल. पन बोटं बघ कशी बुळबुळ करत्यात, धुतली तरी जाईना." मी म्हटलं, "आत्या, थांब. हंड्यात टाकू नकोस."

का थांबवलं, ते मलाही लगेच सांगता आलं नाही. शाळा सुटल्यावर विज्ञानाला मी हात लावलेला नाही. लोणावळ्यात हॉटेलच्या काउंटरवर बसते. पण कान्हे गावच्या शाळेतला तुमचा तास आठवला. तुम्ही कागदावर पांढरी पूड ठेवलीत आणि मी बघताक्षणी म्हणाले, "मीठ." तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "नाव कुणी विचारलं? रंग सांग, आकार सांग, हवेत ठेवल्यावर काय होतं ते सांग. चव मात्र घ्यायची नाही." मग तासभर मला त्या कागदासमोर बसवलंत. मला राग आला होता.

आत्याचा हात मी आधी वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरला. मग स्टीलच्या ताटलीत दोन खडे शेजारी ठेवले: एक तिच्या फडताळातली जुनी तुरटी, एक पोत्यातला. आत्या चहा टाकते आहे, मी ताटलीकडे बघते आहे. चहा उकळेपर्यंत तुरटी कोरडी ती कोरडीच आणि पोत्यातला खडा घामेजल्यासारखा ओला. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमच्याने त्याचा लहानसा तुकडा सोडला. तो विरघळला आणि चूल ना विस्तव, ग्लास बाहेरून गरम लागायला लागला. आत्याने बोट लावून पाहिलं आणि मागे सरली. "आगं बया, ह्ये काय म्हनायचं?" मी म्हटलं, "माहीत नाही. तुरटी नाही, एवढं नक्की."

संध्याकाळी टेम्पोवाला पोतं शोधत आला. कातडी भाजणारा कॉस्टिक सोडा होता, साबणासाठी चाललेला. "कुनी खाल्लं तर न्हाई ना?" त्याने दारातूनच विचारलं. आत्याने त्याला चांगलंच फैलावर घेतलं, मग चहाही दिला. तिची बोटं चार दिवस लाल होती, पुढे बरी झाली.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, लिहायचं होतं म्हणून लिहिलं. त्या घरात सगळे मला शहाणी म्हणाले आणि मीही तसाच चेहरा ठेवला. पण सर, मी फार घाबरले होते. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.