हुकूम खाली येतोय

२ मार्च, सोम.
आज परत आण्णांना पाठीवर घेतलं. वस्ती ते डांबरी पाऊण किलोमीटर पाणंद, आणि मधोमध शेजारच्या रानवाल्या दिनकरनं जेसीबीनं मारलेला चर. माझ्या छातीएवढा. त्याचा ऊस तर आता पाणंदीतच उभाय. आधी रिक्षा दारात यायची. आता सोमवार-गुरुवार, डायलिसिसचे दोन दिवस, रिक्षा मीच.

आण्णा रिटायर्ड हवालदार. गुडघा फौजेत गेला, किडन्या घरी आल्यावर. सपाटीला काठीवर चालतात, चराशी आले की संपलं. वडील आहेत, पण पाठीवरनं पण कमांड देतात. "डावा पाय बघून टाक रं. गडबड न्हाई." गडबड नाही म्हणे. मशीनचा नंबर साडेनऊचा.

तहसीलला अर्ज केला, तर तलाठ्यानं डिसेंबरात लिहून दिलं, रस्ता चालू आहे. एवढा चर दिसला नाही त्याला. तवाच आण्णांनी थेट राष्ट्रपतींना अर्ज टाकला. "तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती हायत ते. सैनिकाचं ऐकणार न्हाईत तर कुणाचं ऐकतील?"
मी हसलो होतो. आज खांदा सुजलाय.

६ मार्च, शुक्र. तासगाव
बेदाणा शेडवर. गंधकाची धुरी डोळ्यात. दुपारी एक घार शेडच्या जाळीत अडकली, ती सोडवण्यात तास गेला, मुकादमाच्या शिव्या. घारीनं पण बोट फोडलं. चांगलं करायला जावं तर हे.
युनूसभाई भेटला, ट्रकवाला. बेदाणा घेऊन दिल्लीला जातो. "चल की गड्या, क्लीनर पळालाय माझा. कवा बघणार दिल्ली?" मी ऐकू न आल्यासारखं करून खोकं उचललं. कुठंही जायचं म्हटलं की मी असाच टाळतो.
मग आईचा फोन. "दिल्लीचं पाकीट आलंय. वर सिंह हायत. आण्णा फोडू दिनात. तू आल्यावर फोडायचं म्हणत्यात."

७ मार्च
फोडलं. दोन ओळी. अर्ज मिळाला, योग्य त्या कार्यवाहीसाठी राज्याच्या मुख्य सचिवांकडे पाठवण्यात आला आहे. खाली सही कुणा अवर सचिवाची.
मी म्हटलं, आण्णा, हे नुसतं पुढं ढकललंय.
"तुला काय कळतंय. फौजेत कमांडर असाच लिहितो. योग्य कारवाईसाठी. म्हंजे कर म्हणून सांगितलं. वरचा माणूस वरडत न्हाई कधी. आता हुकूम खाली येतोय. पायरी पायरीनं येतोय."
आईनं पाकीट देवाजवळ ठेवलं. मला इतका राग आला की बाहेर जाऊन दिनकरच्या उसाला लाथा घातल्या. ऊसच तो. त्याला काय.

९ मार्च, सोम. विश्रामबाग
आण्णा मशीनवर चार तास. मी सुमीकडे, मावसबहीण, इथल्या अभ्यासिकेत परीक्षेची तयारी करते. तिला पत्र दाखवलं.
"सच्या, राष्ट्रपती तसं काही करू शकत नाहीत रे."
मग देशाचे प्रमुख कशाला?
तिनं वहीच उघडली. सगळा कारभार त्यांच्या नावानं चालतो, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. सल्ला पटला नाही तर फेरविचाराला परत पाठवता येतो. एकदाच. तोच सल्ला परत आला तर तसंच वागायचं. फाशीची माफीसुद्धा सल्ल्यानंच.
सेनापती?
"आहेत. सर्वोच्च. पण कायद्यानं ठरेल तसे."
आणि चर?
"जमीन, रस्ता हे राज्याचं. चर बुजवायचा हुकूम तहसीलदार काढू शकतो."
म्हणजे ज्यांना तोफांची सलामी त्यांना तो चर बुजवता येत नाही. आणि ज्याला येतो तो आमच्या अर्जावर चहाचा कप ठेवतो. मी बघितलाय तो गोल डाग, माझ्या डोळ्यानं. अभ्यासिकेत ओरडलो. पोरं बघायला लागली. सुमी म्हणाली, "माझ्यावर ओरडून काय उपयोग? काकांना सांग."
सांगणार कसं. मशीनच्या नळ्यांतनं रक्त फिरत होतं आणि आण्णा शेजारच्या पेशंटला सांगत होते, आमचं काम झालंय, नुसतं खाली यायचं राहिलंय.

१३ मार्च. वाई
एकाच्या टेम्पोवर आलो. खरं म्हणजे पळालो. घाटावर पाय पाण्यात घालून बसलो. एक भटजी मोबाईलवर कुणाला तरी मुहूर्त सांगत होते, ते ऐकत बसलो, मुंजीचा होता. टेम्पोतला माल उतरवायचं विसरलो. मालकानं फोनवर आईबहीण काढली.
इथनं पुण्याची एसटी मिळते. पुढं कुठंही. पण सोमवार आहे. गुरुवार आहे.
दिनकरला कुणी विचारत नाही. तलाठ्याला विचारत नाही. बांधलेला फक्त मी.

१९ मार्च, गुरु.
कोतवाल कागद देऊन गेला. सोमवारी दुपारी चार, स्थळपाहणी, अर्जदारानं हजर राहावं. संदर्भ: राष्ट्रपती सचिवालय.
आण्णांनी वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. "बघ. म्हणलो न्हवतो?"
मेडलं लिंबानं घासायला बसले. सांगायचं होतं आज. नाही सांगितलं. मी पण त्या तलाठ्यासारखाच. समोर दिसतंय आणि लिहायचं नाही.

२३ मार्च, सोम.
डायलिसिसनं गळपटलेले, तरी आण्णांनी कोट चढवला. मेडलं लावली. पाठीवर घेतल्यावर ती माझ्या मानेला टोचत होती. चराच्या काठावर खुर्ची मांडून दिली. खुर्चीत बसले नाहीत. काठीवर सरळ उभे. पाऊण तास.
तलाठी आला. दिनकरच्याच गाडीवर, मागं बसून!
आण्णांनी कडक सॅल्यूट ठोकला. त्याला नाही, त्याच्या हातातल्या कागदांना. तलाठी खीखी हसला. "आवं हवालदारसाहेब, दिल्लीपतूर गेलासा, आन् फिरून माझ्याकडंच आलासा की."
"हुकूम वाचून दाखवा, भाऊसाहेब."
"कसला हुकूम?"
आण्णांनी कागद हातात घेतले. चष्मा लावला. दिल्ली, मुंबई, कलेक्टर, प्रांत, तहसील. पाच कागद. प्रत्येकावर तेच, योग्य त्या कार्यवाहीसाठी. एकेक उलटून मागनं पण बघितला. मागं काहीतरी असेल असं वाटलं असणार.
"पाच सायबांनी हातात धरला," मग म्हणाले, "आन् एकबी कर म्हणाला न्हाई?"
तलाठ्यानं सहावा कागद पुढं केला. पाहणी केली, रस्ता वहिवाटीस खुला आहे, अर्जदाराचे समाधान झाले. "हितं सही करा. वर पाठवायचाय."
दिनकर म्हणाला, "करा की काका. चालत आलासाच की हितपतूर."
मी दगड उचलला होता. खोटं कशाला लिहू, फेकणारच होतो. आण्णांनी न बघता काठी माझ्या छातीवर आडवी धरली. सही केली नाही. तलाठ्यानं लिहिलं, अर्जदाराने सहीस नकार दिला. आणि गेले दोघं, एकाच गाडीवर.
परत येताना डावा पाय माझा मीच बघून टाकला. पहिल्यांदाच ते जड लागले.

२६ मार्च, गुरु.
येताना रिक्षात सगळं सांगून टाकलं. सुमीची वही, सल्ला, सेनापती, तहसीलदार. वाटलं चिडतील. बाहेर द्राक्षबागा बघत होते.
"तुला कवापासनं ठावं हाय?"
नऊ तारखेपासनं.
"आन् मला मेडलं घासू दिलीस."
मी पायाशी पडलेली त्यांची काठी उभी केली.
मग म्हणाले, "एकदा परत पाठवता येतंय म्हणालास. दुसऱ्यांदा न्हाई?"
ते मंत्र्यांच्या सल्ल्याचं हाय आण्णा, आपल्या अर्जाचं न्हाई.
"आसू दे. आपलाबी एकदा परत आलाय. दुसरा लिही. सेनापती घालू नगं. नुसतं लिही, चर हाय. फोटू लाव. आन् पोस्टानं न्हाई. पोस्टानं गेला की पायरीनं खाली येतोय. हातात दे."
दिल्लीत? माझ्या हातात कोण घेतंय?
"न घेऊ दे. न घेणाऱ्याचं तोंड तरी बघून ये. आमी पाचांतल्या एकाचंबी बघितलं न्हाई."

२८ मार्च, शनि.
युनूसभाईचा ट्रक उद्या सकाळी सहाला. अर्ज लिहिलाय, एक पान, फोटो टाचलाय. खाली तहसीलदाराला प्रत. सुमीनं शुद्धलेखन बघितलं. मी अजून येतो म्हटलं नाहीये युनूसभाईला. परवा सोमवार. डोकं फिरायची वेळ आलीय.
संध्याकाळी आण्णा दिसेनात. चराशी सापडले. आत. काठी वर फेकलेली, कोपरं मातीत, एक गुडघा भिंतीला लावून वर चढत होते. धावलो तर शिवी घातली. "हात लावू नगंस."
काठावर उभा राहिलो. मोबाईलमध्ये वेळ बघत. दुसरं काय करणार.
अकरा मिनिटं.
वर आले, मातीतच बसले, श्वास लागलेला. कोपरातनं रक्त. म्हणाले, "सोमवारी नऊ मिनिटांत बसवतो."