आपलं घर, फिका गुलाबी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (त्यापुढे जी चार-पाच अक्षरं टिंबं देऊन लिहायची असतात ती मला शाळेत पाठ होती, पण शाळाच पाठीमागे पडली, तेव्हा ती तू तुझ्या पदरची घालून वाच.) तुझी दाढ काय म्हणते? ती काढायची की ठेवायची यावर तुझा आणि डॉक्टरचा वाद चालू असल्याचं तुझं पत्र मला तीन गावं फिरून मिळालं, तोवर एकतर दाढ गेली असेल नाहीतर डॉक्टर. मी ठणठणीत आहे. केसांत पुट्टी, नखांत पुट्टी, आणि परवा शिंकलो तेव्हा समोरच्या माणसाने अंग झटकलं, एवढं सोडता काही तक्रार नाही.

पत्रास कारण की, दादाने नवीन घर घेतलं. हे तुला कळलं असेलच, चांगल्या बातम्या दादा सगळ्यांना कळवतो. मी तेव्हा एका बंदराच्या गोदामात पेट्यांवर शिक्के मारत होतो. (काम वाईट नव्हतं. तिथला मुकादम उभ्याउभ्या झोपायचा आणि झोपेतच आम्हाला रागवायचा, आणि ते जागेपणीच्या रागावण्यापेक्षा जास्त बरोबर असायचं. पण ते असो.) गोदामातल्या फोनवर दादाचा फोन आला. बाजूला क्रेन ओरडत होती. दादा म्हणाला, "घर झालं रे. आता रंगाचं काम काढलंय. ये आपलं घर बघायला." या शेवटच्या वाक्यातला दुसरा शब्द तू नीट लक्षात ठेव, पुढचा सगळा घोळ त्याने केला आहे.

मी ऐकलं, आपलं घर. 'माझं' नाही, 'आमचं' नाही, आपलं. 'आमचं' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो आणि 'आपलं' म्हटलं की आत येतो, एवढं व्याकरण मलाही येतं. बाबा गेल्यावर भाड्याची जागा सोडली, आई दादाकडे गेली आणि मी माझ्याकडे गेलो, त्याला सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी अकरा भिंतींना पाठ लावून झोपलो, त्यातल्या एकीचाही रंग मला कुणी विचारला नाही. तेव्हा फोन ठेवून मी शिक्का मुकादमाच्या हातात दिला, तो झोपेतच "जा" म्हणाला, आणि मी निघालो. आपलं घर, त्यात आपली खोली, तिला आपला रंग. एवढंच डोक्यात.

घर छान आहे. तिसरा मजला, हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या. ही मंडळी अजून दादाच्या भाड्याच्या जागेतच राहत होती आणि रोज सकाळी चालत इथे रंग ठरवायला यायची. पहिल्या दिवशी दादाने मला फिरवलं. "हा हॉल. हे किचन. ही आमची." मग एका लहान खोलीशी येऊन थांबला आणि म्हणाला, "आणि ही." वहिनी चप्पल शोधायला लागली. (चप्पल तिच्या पायातच होती.) आई खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला वाटलं, भरून आलंय सगळ्यांना. मी विचारलं, "हिला रंग कुठला?" दादा म्हणाला, "तुला कुठला आवडेल?" झालं. मी लगेच खिडकीचं माप घेतलं, हाताच्या वितीने. खिडकीतून सायकल दुरुस्तीवाल्याचं छप्पर दिसतं, त्यावर जुने टायर वाळत ठेवल्यासारखे पडलेले असतात, आणि पलीकडे बसथांबा. वाईट बाजू एवढीच.

आता रंग निवडणं म्हणजे काय असतं ते तुला सांगतो, तू नशीबवान, तुझ्या घराला चुना. दुकानदार एक कार्ड देतो, त्यात बोटाच्या नखाएवढे शेकडो रंग, आणि प्रत्येकाला इंग्रजी नाव. आमचा रंगारी (पन्नाशीचा, एकटाच काम करतो, भिंतीशिवाय कुणावर विश्वास नाही) ती नावं वाचतच नसे, स्वतःची ठेवी. एका पिवळ्याला तो 'परीक्षेला निघालेला' म्हणायचा. एका राखाडीला 'ओलं कुत्रं'. वहिनीला पांढरा हवा होता, पण कार्डावर पांढरे एकवीस. वहिनी म्हणाली, "थोडा उबदार पांढरा." रंगारी म्हणाला, "म्हणजे उतू गेलेलं दूध." ती म्हणाली, "नको, जरा स्वच्छ." तो म्हणाला, "मग आजाऱ्याची चादर." वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी चादरच ठरली.

दादाची पद्धत वेगळी. तो विमा कचेरीत असतो, त्याने तक्ता केला. आडवे रंग, उभ्या खोल्या, प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. हॉलच्या भिंतीवर नमुन्याचे सतरा पट्टे मारले, ते इतके एकसारखे की बघणाऱ्याला वाटावं भिंतीला काहीतरी झालंय आणि ते पसरतंय. ओला रंग वाळला की गडद होतो, म्हणून सकाळी नापास झालेला रंग दुपारी पहिला यायचा. दादा रोज नवीन तक्ता करायचा. आईला गुण विचारले की ती म्हणायची, "मला काय विचारता, तुम्हाला राहायचंय." हे ती चारदा म्हणाली. मला तेव्हा त्यात काहीच ऐकू आलं नाही. कान माझे, पण ऐकण्याचं काम मी नेहमी दुसऱ्यांवर सोपवत आलोय.

मी माझ्या खोलीत उलट्या बादलीवर बसून रंग ठरवत होतो. पाच दिवस. सकाळच्या उजेडात वेगळा, दुपारी वेगळा, खिडकी लावून वेगळा. शेवटी एक गडद हिरवा सापडला. रंगारी म्हणाला, "हा खोल विहिरीचा. यात माणूस पडला तर आवाज उशिरा येतो." मला तो इतका आवडला की मी त्याच्या हाताखाली काम करायला लागलो. पुट्टी भरायची, वाळली की पॉलिशपेपरने घासायची, हात फिरवून बघायचा. (बारा दिवस एका जागी टिकायची माझी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी पाय मोडला होता.)

तेराव्या दिवशी मी खिडकीखालची भिंत घासत होतो. अगदी खाली, फरशीजवळ. पुट्टीची धूळ पुसली तर पेन्सिलने लिहिलेलं दिसलं. रंगारी प्रत्येक खोलीत फरशीजवळ खोली कुणाची आणि रंग कुठला ते लिहून ठेवतो, डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. लिहिलं होतं, 'आई. फिका गुलाबी.' पहिल्यांदा मला रंगाऱ्याचीच कीव आली. म्हटलं बिचारा खोल्या चुकला.

मी त्याला हाक मारली. "अहो, हे काय लिहिलंय?"

"ते होय? ते पहिल्या दिवसाचं. साहेब म्हणाले ही आईंची, रंग मी आईंनाच विचारला."

"मग माझा हिरवा?"

"तो मारायचाय की. डबा मिसळून आणलाय, तो दुकानदार परत घेत नाही." मग ब्रश पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब म्हणाले, त्याच्या मनाजोगता हिरवा मारा, तो गेला की वरून गुलाबी. मी त्यांना आधीच सांगितलंय, या हिरव्यावर गुलाबीला तीन हात लागतील. खालचा रंग वर येत राहतो."

आत्या, लोक पाहुण्याला खुर्ची देतात, पाणी देतात. माझ्या भावाने मला पूर्ण खोली रंगवून द्यायची ठरवली होती. आणि माझी आई हॉलमध्ये उभी राहून हे रोज बघत होती.

संध्याकाळी सगळे आल्यावर मी दादाला म्हटलं, "तू फोनवर आपलं घर म्हणालास."

"मी?" त्याला खरंच आठवेना. "मी म्हणालो, ये आपलं, घर बघायला. म्हणजे ये आपलं सहज. चक्कर टाकून जा."

वहिनी म्हणाली, "ते तसंच बोलतात हो. 'खाऊन घे आपलं', 'बस आपलं'. काल वॉचमनलाही म्हणाले, 'लक्ष ठेव आपलं'."

"मग स्वल्पविराम कुठे होता?" मी म्हटलं.

"फोनवर कुठून देऊ स्वल्पविराम?" दादा चिडला. "आणि तुला राहायचं होतं तर तसं बोलायचंस. दोन वर्षांपूर्वी कॉट आणली मी तुझ्यासाठी, जिन्यातून वर येईना तर पाय कापून घेतले तिचे. चौथ्या दिवशी तू नाहीस. चिठ्ठी नाही, काही नाही. आई महिनाभर त्या कॉटवर कपडेही वाळत घालू देत नव्हती."

हे खरं आहे. (बसथांब्यावर एकजण भेटला होता, त्याच्या ओळखीने एका फिरत्या सिनेमात पडदा बांधायचं काम होतं. पडदा बांधायला शिकलो, एवढंच.) खरं असलेलं बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, आणि दादा आयुष्यभर तेच करत आलाय.

मग आई बोलली. "राहू दे तो हिरवा. मी हॉलमध्ये पडेन. त्याला राहू दे इथे."

"आई, तुला गुलाबी कधीपासून आवडतो?"

"लहानपणापासून."

"बोलली नाहीस कधी."

"विचारलं कुणी?" ती म्हणाली. रागाने नाही, भाजी संपली असं सांगावं तसं. मी सव्वीस वर्षांचा आहे. रंगाऱ्याला एका दिवसात कळलं ते मला सव्वीस वर्षांत कळलं नाही, आणि मी आपल्या घराच्या गोष्टी करत होतो.

तेव्हा मी रंगाऱ्याला सांगितलं, हिरवा नको, गुलाबीच मारा, एकदम. हिरव्याचा डबा त्याने स्वतःच्या न्हाणीघरासाठी नेला. वहिनीचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिचीच दया आली, बारा दिवस बिचारीने पोटात ठेवलं होतं. दादा म्हणाला, "राहा की अजून आठ दिवस." आठ दिवस, आत्या. हे पाहुण्याचं माप आहे. घरच्या माणसाला कुणी दिवस मोजून देत नाही, त्याला नुसतं विचारतात की कुठे उलथला होतास.

पहिला हात रंगाऱ्याने मारला, दुसरा मी. रोलर उलटा धरल्यामुळे मला कोपऱ्यात फार ओघळ आले. आई बादलीवर बसून बघत होती. एकदा म्हणाली, "तिथे राहिलंय बघ." एवढंच. संपूर्ण मुक्कामात मला कुणी असं काही सांगितलं ते तेवढंच, आणि मी ते राहिलेलं तीनदा रंगवलं. दुसऱ्या दिवशी निघालो. आता मला त्या घराशी काही देणंघेणं नाही, त्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही, हे तू सगळ्यांना कळवलंस तरी चालेल. घरातल्या सर्वांना नमस्कार. (तू एकटीच राहतेस, हे लिहून झाल्यावर आठवलं.)

तुझा,
भाचा

ता. क. दादाला फोन करून झापू नकोस. तो मला स्टेशनवर सोडायला आला होता. गाडी दीड तास उशिरा होती आणि तो दीड तास उभा राहिला, कचेरीला दांडी मारून. गाडी हलताना म्हणाला, "पोचलास की कळव." कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

ता. क. दुसरा. आता माहीत आहे. मी तुझ्याकडे येतोय. मंगळवारी दुपारपर्यंत पोचेन, बहुतेक या पत्राच्या मागोमाग. तुझ्या मागच्या खोलीला भाडेकरू बघतेस असं दादा म्हणाला. बघू नकोस. शिलाई मशीन तिथेच राहू दे, मी त्याच्या बाजूला मावतो. भिंतींबद्दल मला काहीही मत नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच. मी दारात आलो की 'चहा घेणार का' असं विचारू नकोस. बादली हातात दे, नळ बंद होत नसेल तर तो दाखव, उशीर का झाला म्हणून दोन शब्द ऐकव. आणि पुढे कधी मी बॅग भरताना दिसलो तर समजूत घालू नकोस, मला समजूत घातलेली कळत नाही. 'ती बॅग माळ्यावर टाक आणि उतरताना पितळी पातेलं घेऊन ये' असं सांग. मी चढेन.